फायनान्स की फायनान्शियल मॅथेमॅटिक्स? पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवडीबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने बी.कॉम., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारतात. उत्तरांमागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी: विद्यापीठाच्या नावाआधी अभ्यासक्रमातील विषय पाहावेत, आणि त्याही आधी, पदवी मिळाल्यावर रोज आठ-दहा तास कोणते काम आवडीने करता येईल याचा विचार करावा. हा क्रम उलटा झाला की पुढची बरीच गणिते चुकतात.

या दोन पदव्यांमध्ये नेमका फरक काय आहे?

फायनान्समधील पदव्युत्तर पदवीत कंपनीचे मूल्यांकन, ताळेबंदाचे विश्लेषण, भांडवल उभारणी, कंपन्यांचे विलीनीकरण, पोर्टफोलिओ व्यवस्थापन आणि रोखेबाजार हे विषय असतात. त्यात गणित लागते, परंतु ते हिशेब मांडण्याचे साधन म्हणून लागते. या वाटेने जाणारे विद्यार्थी इन्व्हेस्टमेंट बँकिंग, इक्विटी रिसर्च, पतमूल्यांकन किंवा कंपन्यांच्या ट्रेझरी विभागांत काम करतात, आणि त्यांच्या दिवसाचा मोठा भाग एक्सेलमधील मॉडेल, वार्षिक अहवाल आणि सादरीकरणे यांत जातो.

फायनान्शियल मॅथेमॅटिक्समध्ये गणित हाच गाभा असतो: संभाव्यता, स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिक चढउतारांचे कॅल्क्युलस), पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, संख्यात्मक पद्धती, सांख्यिकी आणि भरपूर प्रोग्रॅमिंग. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनच्या (म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या) किमतीचे सूत्र प्रसिद्ध केले, रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याला अधिक व्यापक बैठक दिली, आणि योगायोगाने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागो येथे ऑप्शन्सचा स्वतंत्र बाजार सुरू झाला. तेव्हापासून बँकांना गणिती माणसांची गरज भासू लागली. पॅरिसमध्ये १९९० साली निकोल एल करुई आणि एलिएट जमाँ यांनी या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९९४ मध्ये आणि शिकागो विद्यापीठाचा १९९६ मध्ये सुरू झाला. आज या पदवीधरांना ‘क्वांट’ म्हणतात. किंमत ठरवणारी मॉडेल्स लिहिणे, ती तपासणे, बाजारजोखमीचे मापन करणे आणि ट्रेडिंगचे अल्गोरिदम तयार करणे ही त्यांची कामे होत.

फायनान्शियल इंजिनिअरिंग, कॉम्प्युटेशनल फायनान्स, क्वांटिटेटिव्ह फायनान्स ही नावे याच दुसऱ्या कुटुंबातील आहेत. नावापेक्षा अभ्यासक्रम कोणत्या विभागात चालतो हे अधिक सांगून जाते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कूरां या गणित संस्थेतील किंवा ऑक्सफर्डच्या गणित विभागातील अभ्यासक्रम आणि एखाद्या बिझनेस स्कूलमधील अभ्यासक्रम यांचे नाव सारखे वाटले, तरी पहिल्या सत्रातील गृहपाठ वेगळे असतात.

मला यांपैकी काय जमेल आणि काय आवडेल, हे प्रवेशाआधी कसे ओळखावे?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर एका उदाहरणाने देणे योग्य ठरेल.

एक शेअर आज १०० रुपयांना आहे. उद्या तो १२० रुपये तरी होईल किंवा ९० रुपये तरी. तिसरी शक्यता नाही आणि व्याजदर शून्य आहे. उद्या तोच शेअर १०० रुपयांना विकत घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन आज कितीला विकावा? भाव १२० झाला तर या हक्काचे मोल २० रुपये, ९० झाला तर शून्य. आता दोनतृतीयांश शेअर ६६.६७ रुपयांना घ्या आणि त्यासाठी ६० रुपये उसने काढा. तुमच्या खिशातून ६.६७ रुपये जातील. उद्या भाव १२० झाला तर तुमच्याकडील शेअर ८० रुपयांचा होईल, उसने ६० फेडून २० उरतील. भाव ९० झाला तर शेअर ६० रुपयांचा राहील आणि उसनवारी फिटून शून्य उरेल. दोन्ही परिस्थितींत ऑप्शनइतकीच रक्कम हाती येते, म्हणून ऑप्शनची किंमत ६.६७ रुपयेच असली पाहिजे. एरवी कोणीतरी कोणतीही जोखीम न घेता पैसे कमावील.

आता लक्षात घ्या की शेअर वर जाण्याची शक्यता किती, हे आपण कुठेही विचारले नाही. ती ९० टक्के असो वा १० टक्के, उत्तर बदलत नाही. हे वाचून ‘असे कसे?’ हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, एकाऐवजी दहा टप्पे घेतले तर काय होईल आणि टप्प्यांची लांबी शून्याकडे नेली तर काय होईल हे कागदावर मांडून पाहावेसे वाटत असेल, तर फायनान्शियल मॅथेमॅटिक्स हे तुमचे क्षेत्र आहे. उलट ‘ही कंपनी कोणती, तिचा धंदा कसा चालतो, भाव १२० होण्याचे कारण काय असेल?’ असे प्रश्न मनात आले, तर तुमचा कल फायनान्सकडे आहे. यातले कोणतेही कुतूहल दुसऱ्यापेक्षा कमी दर्जाचे नाही, परंतु एकाच्या जागी दुसरे घेऊन वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे हाल होतात.

बी.कॉम. झालेल्या विद्यार्थ्याला फायनान्शियल मॅथेमॅटिक्सला प्रवेश मिळू शकतो का?

केवळ बी.कॉम.च्या गणितावर मिळणे अवघड आहे. चांगल्या अभ्यासक्रमांना बहुचल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारित संभाव्यता हे विषय गुणपत्रिकेवर हवे असतात. वाणिज्य शाखेतील ‘बिझनेस मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ ती गरज भागवत नाही. ज्यांना खरोखरच हा मार्ग धरायचा आहे त्यांनी एखादे वर्ष गणिताला द्यावे आणि श्रेयांक व परीक्षा असलेले अभ्यासक्रम पूर्ण करावेत, कारण नुसत्या व्हिडिओ-प्रमाणपत्रांना प्रवेश समित्या फारसे वजन देत नाहीत. अ‍ॅक्च्युरिअल सायन्सच्या (विम्यातील जोखमीच्या गणिताच्या) सुरुवातीच्या परीक्षांमध्ये संभाव्यता आणि सांख्यिकीची चांगली तयारी होते, त्यामुळे त्या उत्तीर्ण झालेल्या वाणिज्य पदवीधराकडे गंभीरपणे पाहिले जाते. फायनान्सच्या अभ्यासक्रमांना मात्र बी.कॉम., बी.एम.एस. किंवा बी.ए.एफ. ही पदवी उत्तम चालते.

इंजिनिअर असेन तर?

इंजिनिअरिंगचे गणित बहुतेक ठिकाणी पुरेसे धरले जाते. कमतरता राहते ती संभाव्यतेच्या सखोल अभ्यासात. ती अर्जाआधीच भरून काढावी.

माझी पदवी तीन वर्षांची आहे. त्याने अडचण येईल का?

ब्रिटन आणि युरोपातील बऱ्याच देशांत तीन वर्षांची पदवी स्वीकारली जाते, कारण तेथेही ती तीन वर्षांचीच असते. अमेरिकेत मात्र विद्यापीठागणिक नियम वेगळे आहेत: काही चार वर्षांचीच पदवी मागतात, तर काही तीन वर्षांची पदवी मूल्यांकन करून घेतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत चौथ्या, ऑनर्स वर्षाची सोय झाली आहे. अमेरिकेचा विचार पक्का असेल आणि चौथ्या वर्षात गणित किंवा सांख्यिकीचे भरीव विषय मिळणार असतील, तर ते वर्ष वाया जात नाही. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल पाठवून लेखी उत्तर घ्यावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये. अनेक परदेशी विद्यापीठे एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात, हे पालकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

क्रमवारीवर किती विसंबावे?

अर्जाची प्राथमिक यादी करण्यापुरते. फायनान्शियल टाइम्सची मास्टर्स इन फायनान्सची क्रमवारी माजी विद्यार्थ्यांच्या पगाराला मोठे वजन देते, म्हणून तीत एचईसी पॅरिससारख्या युरोपीय बिझनेस स्कूल्स वर दिसतात. ती गणिती अभ्यासक्रमांबद्दल फारसे सांगत नाही. क्वांट अभ्यासक्रमांसाठी क्वांटनेट या संकेतस्थळाची क्रमवारी पाहिली जाते, पण तिचा भर अमेरिकेवर आहे. त्या यादीत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठातील बरूक कॉलेज प्रिन्स्टनच्या जोडीने वरच्या क्रमांकांवर असते. आपल्याकडे ‘बरूक’ हे नाव नातेवाइकांनी ऐकलेले नसते, आणि केवळ तेवढ्यासाठी काही जण ते यादीतून काढतात; हा निर्णय महागात पडतो, कारण लहान तुकडी, वॉल स्ट्रीटशी जवळीक आणि खासगी विद्यापीठांच्या मानाने कमी शुल्क या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळतात.

क्रमवारीपेक्षा मी तीन कागद अधिक मानतो: विषयनिहाय अभ्यासक्रम, अध्यापकांची यादी आणि रोजगार अहवाल. अध्यापकांमध्ये बाजारात काम करणारे आणि संशोधन करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक हवेत. सगळेच पाहुणे व्याख्याते असतील तर विषयाचा पाया कच्चा राहतो, आणि बाजारातला एकही माणूस नसेल तर वापरात असलेली पद्धत आणि शिकवलेली पद्धत यांत अंतर पडते.

रोजगार अहवाल कसा वाचावा?

छेद पाहून वाचावा. समजा एका तुकडीत ६० विद्यार्थी आहेत, त्यांपैकी ४० जणांनी ‘आम्ही नोकरी शोधत होतो’ असे कळवले आणि त्यांतील ३६ जणांना नोकरी लागली. माहितीपुस्तिकेत ‘९० टक्के रोजगार’ छापले जाईल आणि ते खोटे नसेल. पण तुकडीतील ६० टक्के विद्यार्थ्यांच्याच नोकरीची खात्री झालेली असेल. उरलेल्या २० जणांचे काय झाले, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. याखेरीज सरासरी पगाराऐवजी मध्यक पगार पाहावा, कारण हेज फंडातील (श्रीमंत गुंतवणूकदारांच्या खासगी फंडातील) दोन-तीन नोकऱ्या सरासरी उंचावून टाकतात. आकडे पदवीनंतर तीन महिन्यांचे आहेत की सहा, हेही तपासावे.

त्यानंतर पदांची नावे वाचावीत. ‘क्वांटिटेटिव्ह रिसर्चर’, ‘मॉडेल व्हॅलिडेशन’, ‘रिस्क अ‍ॅनालिस्ट’ आणि ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ ही चार वेगळी कामे आहेत. अहवालात कंपन्यांची बोधचिन्हे भरपूर आणि पदांची नावे एकही नाहीत, असे दिसले तर लिंक्डइनवर त्या अभ्यासक्रमाचे मागील दोन तुकड्यांतील भारतीय विद्यार्थी शोधून त्यांची आजची पदे पाहावीत आणि शक्य झाल्यास त्यांच्याशी बोलावे. परदेशी नागरिकाला तेथे नोकरी मिळणे आणि स्थानिक विद्यार्थ्याला मिळणे यांत मोठा फरक असतो, आणि एकत्रित टक्केवारीत तो लपून जातो.

अमेरिका, ब्रिटन की युरोप?

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळते आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित) वर्गात नोंदवलेला असेल तर त्यात २४ महिन्यांची भर पडते. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स या वर्गात येते. सर्वसाधारण फायनान्स येत नाही. त्यामुळे काही विद्यापीठे आपली फायनान्सची पदवी ‘फायनान्शियल अ‍ॅनॅलिटिक्स’सारख्या स्टेम शीर्षाखाली नोंदवतात. नोंदणीचा नेमका कोड विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावा, कारण तीन वर्षे आणि एक वर्ष यांतील फरक कर्ज फिटण्याच्या शक्यतेवर थेट परिणाम करतो. त्यापुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० असून त्यातील २०,००० जागा अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. असे नियम एका रात्रीत बदलतात, म्हणून ‘तिथे स्थायिक होऊच’ या गृहीतकावर कर्ज उभारू नये.

ब्रिटनमधील अभ्यासक्रम दहा ते बारा महिन्यांत संपतात. खर्च आणि वेळ वाचतो, पण उन्हाळी इंटर्नशिपला मध्ये जागा उरत नाही, आणि लंडनमधील बँकांच्या भरतीचे अर्ज सत्र सुरू होतानाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भरावे लागतात. बायोडेटा आणि मुलाखतीची तयारी विमानात बसण्याआधी झालेली असावी. कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी सोळा महिन्यांच्या रचनेत मध्येच एक उन्हाळा मोकळा मिळतो, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांची पहिली नोकरी त्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपमधूनच ठरते.

युरोप खंडातील पर्याय आपल्याकडे अकारण दुर्लक्षित राहतात. झुरिकमध्ये ईटीएच हे तंत्रविद्यापीठ आणि झुरिक विद्यापीठ मिळून क्वांटिटेटिव्ह फायनान्सची पदवी देतात. जर्मनीतील बहुतांश सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी फ्रँकफर्टमध्ये नोकरी करायची तर जर्मन भाषेची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी लागते.

भारतातच शिकले तर?

हा पर्याय दुय्यम मानण्याचे कारण नाही. पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आहे, मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत एम.एस्सी. फायनान्स आहे, आणि सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. गणिताची ओढ असणाऱ्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट. किंवा आयआयटी मुंबईची सांख्यिकीतील एम.एस्सी. यांचा विचार करावा. या पदव्यांच्या नावात ‘फायनान्स’ नसले तरी क्वांट विभागांत त्यांना मोठा मान आहे, आणि माझ्या मते भक्कम पाया असलेली सांख्यिकीची पदवी ही घाईने उभारलेल्या क्वांट पदवीपेक्षा नक्कीच सरस ठरते.

रिझर्व्ह बँक, दोन्ही मोठे शेअरबाजार आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया मुंबईत आहेत. बार्कलेज, डॉइश बँक यांसारख्या परदेशी बँकांची मोठी केंद्रे पुण्यात आहेत. मॉडेल तपासणी आणि जोखीम मापनाचे बरेच काम आज या दोन शहरांत आणि बंगळुरूत होते.

सीएफए किंवा एफआरएम केले तर पदवीची गरज उरते का?

सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तीन पातळ्या फायनान्सचे व्यापक ज्ञान देतात आणि इक्विटी रिसर्च किंवा गुंतवणूक व्यवस्थापनात भारतात राहून काम करायचे असेल तर खर्चाच्या मानाने तो उत्तम मार्ग आहे. एफआरएम या जोखीम व्यवस्थापनाच्या परीक्षेच्या दोन भागांचा उपयोग बँकेच्या जोखीम विभागात होतो. मात्र या दोन्ही परीक्षा स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस किंवा प्रोग्रॅमिंग सखोल शिकवत नाहीत, त्यामुळे क्वांट होण्यासाठी त्या पदवीची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशात काम करण्याची परवानगीही त्यांच्यामुळे मिळत नाही.

जीआरई की जीमॅट?

या दोन प्रवेश परीक्षांपैकी गणिती अभ्यासक्रमांसाठी जीआरई, बिझनेस स्कूलसाठी दोन्हींपैकी कोणतीही. जीआरईच्या गणित विभागात १७० पैकी १६८ च्या आसपास गुण असावेत. त्या विभागाची पातळी पाहता कमी गुण प्रश्नचिन्ह निर्माण करतात, आणि पूर्ण गुण मिळाले तरी त्याने गुणपत्रिकेवरचे कच्चे गणित झाकले जात नाही. दोन्ही परीक्षांचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत परीक्षा देऊन मोकळे होणे सोयीचे पडते.

आधी नोकरी करावी का?

फायनान्सचे बहुतेक अभ्यासक्रम नवपदवीधरांसाठीच आखलेले असतात. क्वांट अभ्यासक्रमांत एक-दोन वर्षांचा कोडिंग किंवा जोखीम विभागातील अनुभव उपयोगी पडतो. घरच्या परिस्थितीमुळे आधी नोकरी करावी लागत असेल, तर त्याबद्दल अजिबात कमीपणा मानू नये.

खर्च आणि कर्जाचा विचार कसा करावा?

कर्जाची रक्कम पाहून नव्हे, तर हप्ता पाहून. ५० लाख रुपयांचे कर्ज १०.५ टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे असेल, तर मासिक हप्ता सुमारे ६७,५०० रुपये येतो. पण शिक्षणाच्या काळात व्याज चढतच असते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि दोन वर्षे काहीच भरले नाही, तर सरळव्याजानेही साडेदहा लाखांची भर पडते आणि हप्ता ८१,६०० रुपयांच्या घरात जातो. भारतात परतून सुरुवातीच्या पगारात हा हप्ता भरता येईल का, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून, कागदावर लिहून पाहावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर अधिक स्वस्त अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे आहे. राहते घर तारण ठेवण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

शिकत असतानाच निदान व्याज भरत राहिले तर वरची भर टळते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत आयकरातून वजावट मिळते. १८९२ साली स्थापन झालेला मुंबईचा जे. एन. टाटा एन्डाउमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देतो, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. या दोन्हींच्या जाहिराती ठरावीक काळातच येतात. उत्पन्नाचे दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे.

उद्देशपत्रात काय लिहावे?

उद्देशपत्र म्हणजे अर्जासोबतचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’. त्यात तुम्ही केलेले एखादे काम तपशिलाने लिहावे. निफ्टी ऑप्शन्सच्या बाजारभावांवरून सूचित चढउतार (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे त्या भावांत गृहीत धरलेली अस्थिरता) काढून वेगवेगळ्या स्ट्राइक किमतींना (ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावांना) तो सारखा का राहत नाही, हे पायथनमध्ये तपासले असेल, तर तो एक परिच्छेद ‘मला लहानपणापासून आकड्यांची आवड होती’ या प्रकारच्या पानभर मजकुरापेक्षा अधिक परिणाम करतो. यासाठी लागणारी आकडेवारी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे आणि निर्णय होत नाही. काय करावे?

दोन्ही अभ्यासक्रमांचे पहिल्या सत्राचे वेळापत्रक आणि मागील वर्षाच्या गृहपाठाचा एखादा नमुना मागवावा. बरेच अध्यापक आपली टिपणे संकेतस्थळावर ठेवतात. ती दोन्ही शांतपणे सोडवायला बसावे. कोणती टिपणे वाचताना वेळेचे भान राहिले नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल, आणि हप्त्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच बसत असेल तर तोच कौल मानावा. त्याआधी प्रवेश निश्चितीची अनामत रक्कम किती, ती परत मिळते का आणि व्हिसा नाकारला गेल्यास तिचे काय होते, हे प्रवेशपत्राच्या अटींमध्ये वाचून घ्यावे. मुदत जवळ आली असेल तर विद्यापीठाला मुदतवाढीची विनंती करता येते आणि ती बऱ्याचदा मान्यही होते.